अकरा पिना

आमच्या गावात ग्रहणाच्या दिवशी पोटुशी बाई पोटावर सेफ्टी पिन लावते. नाहीतर ग्रहण बाळाला चावतं म्हणतात. माझी बहीण एरेंदिरा सातव्या महिन्यात होती, पण पोटाचा विषय काढला की अंगावर यायची. मागच्या खेपेला तिचं बाळ जन्मलं ते रडलंच नाही. तेव्हापासून पोट म्हणजे तिच्या मते गॅस.

"गॅस लाथा मारतो का गं?" मी विचारायचे.

"तू गपचूप मक्याच्या पानांत तमाले गुंडाळ."

ग्रहणाच्या सकाळी आई तिच्याकडे पिन घेऊन गेली, तर एरेंदिरा म्हणाली, "मागच्या खेपेला लावली होती ना? काय झालं? थोतांड सगळं."

दुपारी माझ्या स्कर्टची चेन तुटली. पिन शोधायला गेले तर डबा रिकामा. पडद्याच्याही काढलेल्या, पडदा जमिनीवर. आईच्या एप्रनचीसुद्धा गायब. माझं डोकंच फिरलं. स्कर्ट मुठीत धरून एरेंदिराच्या खोलीत घुसले.

ती खाटेवर बसली होती. पोटावर लाल पट्टा आणि त्यावर ओळीने अकरा पिना.

"थोतांड ना? मग हे काय, गॅसला कुलूप?"

ती हसली नाही. "मागच्या वेळी एकच लावली होती, चायो."

मी भांडायलाच आले होते. पण माझ्या ब्लाउजला बटणाच्या जागी एक पिन होती, ती काढून तिला लावली. मग एका हातात स्कर्ट आणि दुसऱ्या हातात ब्लाउज धरून, ग्रहण सुटेपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले.