थुआनचं पान

“दादा, तुझ्याकडचा आवाज बंद ठेव. तू नुसता खोकलास तरी आमचं वाटोळं होईल,” असं बजावून न्हानने फोन कपाटावर टेकवला आणि ती स्वयंपाकाला पळाली.

कॅलिफोर्नियात संध्याकाळ होती, तिकडे मायदेशी, सा-देक गावात, उद्याची सकाळ. एकाहत्तर वर्षांचा थुआन खुर्चीला खिळून बसला. फोनमध्ये धाकट्या बहिणीचं घर, घरात पितरांची वेदी, वेदीवर त्याचाच तरुणपणीचा फोटो. आज त्याचं श्राद्ध होतं.

तो होडीतून पळाला तेव्हा आईने चौकीत लिहून दिलं, पोरगा समुद्रात बुडाला. देशद्रोह्याच्या भावंडांना शाळेत कोण घेतं? इकडे हा पठ्ठ्या दुसऱ्या नावाने आमच्या निर्वासितांच्या रेडिओवर दर रविवारी कम्युनिस्टांची सालटी काढू लागला. चाळीस वर्षं काढली. तिकडे आई दरवर्षी त्याचं पान मांडत राहिली. आता ती त्र्याण्णव वर्षांची.

“तिला आता खरंच वाटतं, तू गेलास,” असं न्हान गेल्या आठवड्यात म्हणाली होती. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. आपला पोरगा जिवंत आहे एवढं कळून तिने डोळे मिटावेत, बाकी त्याला काही नको होतं.

आई काठी टेकत आली. वेदीवर वाडग्यात भात, चिंच घातलेलं माशाचं कालवण, बाजूला चॉपस्टिक्स. तिने उदबत्ती लावली. ती विझेपर्यंत घासाला हात लावायचा नाही. आधी मेलेला जेवतो, मग जिवंत. सातव्या वर्षी थुआनने आजोबांच्या श्राद्धाच्या वाडग्यातला मासा उचलला, तेव्हा आईने बोटांवर हाणलेला फटका त्याला अजून आठवत होता.

वस्तीतला पोलीस क्वी हजर होताच. फुकटचं जेवण तो कधी चुकवत नसे.

“आजी, अमेरिकेच्या रेडिओवर कुणीतरी बोंबलतो,” तो हसत म्हणाला. “आवाज तुमच्या थुआनचाच, असं लोक म्हणतात.”

“माझा बुडाला,” आई म्हणाली. “मेलेली माणसं बोंबलत नाहीत. तू हात धुऊन ये.”

थुआनचा अंगठा आवाजाच्या बटणावर गेला. दाबलं तर आई ऐकेल. क्वीही ऐकेल, आणि न्हानच्या मुलाची मास्तरकी जाईल. त्याने अंगठा मागे घेतला. आईला खरंच वाटतंय, आता काही इलाज नाही. म्हातारा हुंदके देऊन रडला. तिकडे ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

क्वी मागच्या दारी नळावर गेला. आईने वेदीवरचा वाडगा उचलला. काठी न घेताच ती कपाटापर्यंत आली, वाडगा फोनसमोर ठेवला आणि चॉपस्टिक्स नीट जुळवल्या.

“खा लवकर,” ती हळूच म्हणाली. “गार होईल.”

तिच्यामागे उदबत्ती अजून अर्धीही जळली नव्हती.