खिडकीजवळची खुर्ची

नव्या ग्रंथपालांना शाल कुठे घालायची हे न कळल्याने प्राचार्य बेडकिहाळांनी ती काउंटरवरच्या संगणकाच्या पडद्याभोवती गुंडाळली. मुलं हसली.

"उकडतंय हो सर," पडद्यातून आवाज आला. "आणि धायगुडे, हसतोस काय? माझ्या नकाशांच्या पुस्तकावर चहा तूच सांडलास ना?"

गुलाबाचं फूल घेऊन उभ्या असलेल्या शलाकाने चमकून पडद्याकडे पाहिलं. आवाज तिच्या आईचा होता. आई इथलीच ग्रंथपाल; मागच्या वर्षी ती गेल्यावर शलाकाच्याच परवानगीने कॉलेजने ही ग्रंथपाल घडवली होती, ग्रंथालयातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या आईच्या बोलण्याचालण्यातून. घरचं त्यात काही नव्हतं. पण ग्रंथालयात येऊन गेलेला प्रत्येक माणूस तिला ओळखू यायचा.

शलाका मात्र या ग्रंथालयात आज पहिल्यांदाच आली होती.

ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

"ताई, तिथे नका हो बसू," आवाज आर्जवाने म्हणाला. "ती माझ्या लेकीसाठी राखलेली जागा आहे. पुण्याला असते, फार वाचते. या दिवाळीला नक्की येते म्हणालीय."

शलाका झटकन उठली. प्राचार्य ओळख करून द्यायला पुढे झाले, तसं तिने त्यांना हातानेच थांबवलं.

"नाव काय आपलं?" पडद्यातून प्रश्न आला.

"मीनाक्षी," शलाकाने शेजारणीचं नाव सांगितलं आणि मान खाली घालून फूल काउंटरवर ठेवलं.

"बसा ना मीनाक्षीताई, त्या बाकावर. लेक आली की ओळख करून देते तुमची."