अकरा रेषा
पडद्यावर परत ती उभी रेष उमटली. "सपारबाबांना चहा हवाय," मी वैतागून म्हणाले. अब्जावधी वर्षांपूर्वी एका आकाशगंगेच्या धगधगत्या गाभ्यातून निघालेली क्षीण रेडिओलहर आमची दुर्बीण चार दिवसांपासून टिपत होती, आणि दरीतला हा मेंढपाळ रोज चहासाठी वॉकीटॉकीवरून हाका मारून तिच्यात गोंगाटाची अशी रेष मिसळत होता. आमचा वॉकीटॉकी मी बंदच ठेवला होता. "ताई, एकदा ऐकून तरी घे," ड्रायव्हर दाउरेन म्हणाला. "तुझ्या लाडक्या म्हाताऱ्याला संध्याकाळी किटलीभर पाज." मी म्हटलं आणि रेषा पुसत राहिले. दुपारी त्या थांबल्या. संध्याकाळी बाबांचं कुत्रं एकटंच वर आलं. त्याच्यामागे दरीत उतरून कोसळलेल्या बर्फाखालून आम्ही बाबांना उकरून काढलं, तेव्हा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावरच गोठलेला होता. परतल्यावर दाउरेननं नोंदवही माझ्यापुढे सरकवली. माझ्याच अक्षरात होतं: 'अकरा रेषा रद्द. कारण: चहा.'