मेमरीतला आवाज

"सापडलं!" धाकटा ओरडला, तेव्हा ताई बाबांच्या गळ्याची पट्टी बदलत होती.

एरवी प्रोग्राममधली अशी चूक सापडली की तो घर डोक्यावर घ्यायचा. आज खुर्चीतून उठलासुद्धा नाही. समोर दोन कॉम्प्युटर होते, एक कामाचा आणि एक घरातला. घरातल्याचा पंखा घरघरत होता, पण स्क्रीन बाबांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून गोठलेली. त्या दिवशी बाबा दुपारभर त्याच्यासमोर बसून आवाज रेकॉर्ड करत बोलले होते. नातवंडांसाठी गोष्टी, घरातल्या प्रत्येकाला हाक, वर चार ठेवणीतल्या शिव्या. नंतर त्यांचं स्वरयंत्र काढलं.

धाकट्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं. नवी, अर्धीकच्ची आवृत्ती आधी स्वतःच्या घरी चालवून बघायची, ही त्या मंडळींची रीत. त्यानेही घरातल्या कॉम्प्युटरवर घातली होती, मोठ्या हौसेने.

"काय झालं होतं नक्की?" ताईने विचारलं.

"रेकॉर्डिंगची फाइल आधी मेमरीत राहते, मग सावकाश डिस्कवर उतरते. मेमरी भरली. ती रिकामी करायची तर डिस्कवर लिहायला हवं. लिहायला थोडी मेमरी लागते. ती मागितली की उत्तर येतं, आधी रिकामी कर."

"तुझ्या खोलीसारखं. पलंग आवरायला कपाट रिकामं हवं, कपाट आवरायला पलंग."

"तसंच. आता लिहिण्यापुरती मेमरी बाजूला राखून ठेवलीय. यापुढे कुणाचं अडकणार नाही."

"मग घाल की ही दुरुस्ती यात!"

"त्यासाठी बंद करून चालू करावा लागतो. बंद केला की मेमरीतलं सगळं जातं." त्याने गोठलेल्या स्क्रीनवरून बोट फिरवलं. "सगळ्यांना विचारून झालं, ताई. दुसरा मार्गच नाही गं."

कामाच्या कॉम्प्युटरवर सहकाऱ्यांचे निरोप टपकू लागले. शाब्बास, बरोबर पकडलंस. त्याला ते वाचवेनात. आठवडाभर धड जेवला नव्हता तो.

बाबा उठले. घरातल्या कॉम्प्युटरच्या बटणावर बोट ठेवून धाकट्याकडे बघत राहिले. त्याने त्यांना अडवलं नाही. बाबांनी बटण दाबलं आणि दाबून धरलं.

पंखा थांबला. बाबांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे ओठ हलले.

"काय म्हणालात?" त्याने सवयीने विचारलं.