गुडघ्याखालची हवा

"द्राक्षतोडणीच्या दिवसांत लेकराला तळघरात खाली सोडू नकोस. कोवळी वाइन खालच्यांचा श्वास पिते," बेनेदिता पोटात असताना सासूबाई म्हणाल्या होत्या.

"मग झिंगतं कोण, वाइन की लेकरू?" मी विचारलं होतं.

"हसून घे, सूनबाई."

आज लेकराबाळांसह आलेल्या पाहुण्यांना आमचं जुनं तळघर दाखवायची पाळी माझी होती. बेनेदिता कडेवर. दगडी कुंडात तुडवलेली द्राक्षं फसफसत होती. त्यातून निघणारा जड वायू जमिनीलगत साचतो, म्हणून पोर्तुगालमधल्या आमच्या दोउरू नदीच्या खोऱ्यात अशा वेळी मेणबत्ती घेतल्याशिवाय कुणी आत जात नाही. मी ती कमरेशी धरली तेव्हा ज्योत सरळ होती. गुडघ्याखाली नेली, तर कुणी चिमटीत धरल्यासारखी विझली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, पुन्हा करा ना. माझा फोटो हुकला," एकजण म्हणाला.

"हा खेळ नाही, साहेब. बाहेर चला."

सगळ्यांना मी अंगणात आणलं. सासूबाईंनी दार ओढून घेतलं. उन्हात पेले भरले गेले, नदीचे फोटो सुरू झाले. बेनेदिता मात्र माझ्या खांद्यावरून बंद दाराकडे हात हलवत होती.

"कुणाला टाटा करतेस गं?"

"बाळाला. बाळ जोजो करतंय."

"कुठे?"

तिने बोट खाली, जमिनीकडे केलं.

तिला सासूबाईंकडे देऊन मी दार उघडतेय. तोवर तुम्ही हातातला पेला ठेवा, आणि तुमच्यासोबत आलेलं लेकरू तुमच्यापाशीच उभं आहे ना, तेवढं वळून बघा.