चोवीस एमबीचं हसू

“सहा मिनिटं. फार तर सव्वासहा,” आजोबा म्हणाले आणि हॉस्पिटलच्या फॉर्ममागे केलेलं गणित त्यांनी आजीसमोर धरलं. आजीनं ते वाचायचं सोंगही केलं नाही. तिचा डावा डोळा कधीच गेला होता आणि आता उजव्याचा पडदा सुटत चालला होता. दहा वाजता सिस्टर येऊन त्याच डोळ्यात थेंब घालणार होती. थेंब पडले की सगळं धूसर. मग ऑपरेशन. त्यानंतर दिसेल की नाही, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. “प्रयत्न करू,” एवढंच ते म्हणाले होते.

आत्ता साडेनऊ झाले होते.

त्यांची लेक दूरच्या एका बेटावर, हवामान केंद्रात कामाला होती. तिथेच तीन महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. नातीचे फोटो ढीगभर आले होते, पण फोटोतलं मूल हलत नाही. आणि आज सकाळी ती चिमुरडी पहिल्यांदा खळखळून हसली होती. लेकीनं ते चाळीस सेकंद फोनवर टिपले आणि विचारलं, “बाबा, अख्खं पाठवू की थोडं कापून?” बेटावरची लाइन उपग्रहावरून येणारी, मुंगीच्या पावलांनी चालणारी. पण आजोबांनी टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं लाइनचे वेगच मोजले होते. ते काय ऐकतात! त्यांनी पेन काढलं. फाइल चोवीस एमबीची, लाइनचा वेग सेकंदाला चौसष्ट के. भागाकार सरळ होता. “अख्खं पाठव,” त्यांनी कळवून टाकलं.

“हसते कशी तेवढं एकदा बघू दे,” आजी म्हणाली. “मग डॉक्टरांना काय करायचं ते करू देत.”

खाटेपाशी रेंज धड नव्हती. आजोबा फोन घेऊन व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. सहा मिनिटं झाली. फोन वाजला, पण तो लेकीचा निरोप होता. “बारा टक्के गेलंय, बाबा. मी नोंदी घ्यायला टेकडीवर चाललेय. फोन इथेच ठेवतेय.”

बारा टक्के? आजोबांनी फॉर्म पुन्हा उलटा केला आणि गणित पहिल्यापासून तपासलं. लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचं वजन बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून आधी आठानं गुणायचं आणि मग भागायचं. नव्यानं भरती झालेल्या पोरांकडून हे ते दर वर्षी घोकून घेत. एकदा एक जण विसरला, तर त्याला अख्ख्या खोलीला चहा पाजायला लावला होता. आणि आज, आयुष्यात पहिल्यांदा ज्या गणिताचं उत्तर घरच्या माणसाला हवं होतं, तिथेच त्यांनी माती खाल्ली होती. सहा मिनिटं नव्हेत, पन्नास. हसू पोचणार दहा वीसला.

दहा सेकंदांचा तुकडा मागवला असता, तर तो पावणेदहाच्या आत हातात पडला असता. त्यांनी घाईघाईनं लिहिलं, “थांबव. कापून छोटं पाठव.” पण लेक टेकडीवर आणि फोन खाली. सिस्टरला गळ घालावी म्हणून ते तिच्या टेबलापाशी गेले, तर टेबल रिकामं. ते परत खिडकीशी आले. स्वतःचाच इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

दहाला पाच कमी असताना ते वॉर्डात परतले.

“चुकलं गं माझं,” ते म्हणाले. “आठानं गुणायचंच राहिलं. अजून पंचवीस मिनिटं लागतील. तुला आता ते...”

“बसा आधी,” आजी म्हणाली आणि खाटेवर सरकून तिनं जागा केली.

सिस्टर थेंबांची बाटली घेऊन आत आली आणि सरळ पलीकडच्या खाटेकडे वळली. “आजी, तुम्हाला अकरा वाजता घालते,” जाता जाता ती म्हणाली. “डॉक्टर हो म्हणाले. या मावशींचं ऑपरेशन आधी घेतायत.”

आजोबांना काही उलगडेना.

दहा वीसला व्हिडिओ आला. आजीनं फोन पार नाकाशी नेला. दात नसलेलं एक इवलंसं तोंड उघडलं आणि कुणीतरी गुदगुल्या केल्यागत हसत सुटलं. आजीही हसली. मग डोळे पुसून तिनं तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. ते चाळीस सेकंद तिनं अकरा वाजेपर्यंत पाहिले.

थेंब पडल्यावर ती डोळे मिटून, नवऱ्याचा हात धरून पडून राहिली. आजोबांनी आता विचारलंच.

“सिस्टरकडे तू तासभर वेळ मागितलास कधी?”

“तुम्ही खिडकीकडे गेलात ना, तेव्हाच.”

“पण तेव्हा तर माझी चूक मलाही कळली नव्हती. हे बिट आणि बाइट तुला कुणी शिकवलं?”

“मला कशाला कुणी शिकवायला हवं?” आजी मिटल्या डोळ्यांनीच हसली. “पाच मिनिटांत आलो म्हणून जायचात आणि चाळीस मिनिटांनी उगवायचात. लग्न झाल्यापासून मी तुमच्या मिनिटांना आठानंच गुणत आलेय.”