सातवा नियम

"काका, हा कागद ऐकल्याशिवाय सविताला नेऊ नका," इन्शा म्हणाली आणि तिने दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. सोबत आलेला अलीम घाम पुसत मागे उभा राहिला.

दारात टेम्पो लागला होता. सविताचं गाठोडंसुद्धा वर चढलं होतं.

कोयता दोघांचा असतो. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. आईची, केशरबाईची, कंबर गेली, म्हणून यंदा बापाच्या, रामहरीच्या, जोडीला सविता जाणार होती. ठरवलं टेम्पोजवळ उभ्या बिभीषणमामाने. तो टोळीचा मुकादम, आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तंत्रनिकेतनाचं दुसरं वर्ष बुडणार, हे सविताने रडून सांगितलं, पण ऐकतो कोण? मामापुढे तिच्या बापाची कायम दातखीळ बसायची.

"कसला कागद?" रामहरी खेकसला.

"गटाचा करार. प्रकल्पाला आमचा चौघांचा गट आहे. कोणी काय करायचं, कधी भेटायचं, भांडण झालं तर काय, हे आधी लिहून सह्या करायच्या असतात. सविताचीही सही आहे."

इन्शाने वाचायला सुरुवात केली. दर शुक्रवारी भेटायचं. येणार नसेल त्याने आदल्या दिवशी कळवायचं. आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. असे सहा नियम झाले.

"सात. एकानेही गट सोडला, तर चौघांचं वर्ष बाद."

दाराआड उभ्या सविताने कान टवकारले. करारात नियम सहाच होते! ही बया मामाच्या तोंडावर धडधडीत खोटं वाचत होती.

"असला कसला नियम?" रामहरी कडाडला. "बिभीषण, तूच वाच. तुला कळतं."

बिभीषणाने कागद उलटसुलट केला. सातवा नियम होता. खाली चार सह्या होत्या.

"मंजी हिच्यापायी वरीस बुडालं म्हनून बाकीच्या तिघांचे आईबाप फडावर भांडाया येनार?" रामहरीचा आवाज चढला. "येऊ दे! बसू दे तिथं बोंबलत! म्या भेतो व्हय कुनाला?"

"दाजी, दमानं," बिभीषण चपापून म्हणाला. "फडावर तमाशा नको मला. कारखानावाले टोळीच बदलत्याल." त्याने मिशी चावली. "ऱ्हाऊ द्या तिला. तुमच्या जोडीला बघतो दुसरं कुनी."

गाठोडं खाली आलं. इन्शा आणि अलीम एसटी गाठायला पळाले. बिभीषण माणूस शोधायला वस्तीकडे निघाला.

सविताला आनंद झाला होता, पण तो टिकला नाही. भोळ्या बापाला फसवून आपण घरी राहिलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

"आबा," ती खाली बघत म्हणाली, "सातवा नियम खोटा हाय. आमी सहाच लिवले हुते."

बिभीषण वळणाआड जाईपर्यंत रामहरी रस्त्याकडे बघत राहिला.

"म्हाईत हाय," तो मग म्हणाला. "सातवा म्याच सांगितला तिला, काल रानातून फोन करून."